उबेच्या कपाटातली बरणी

२ नोव्हेंबर

आले एकदाची. रुग्णालयाच्या आवारातली कर्मचाऱ्यांची इमारत, पहिला मजला, कोपऱ्यातली खोली. खिडकी मोठी आहे, पलंग करकरत नाही, नळाला गरम पाणी येतं आणि शेजारी कोणी गाणं शिकत नाही. या वयात माणसाला आणखी काय लागतं? ताईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, बरं झालं, तुझ्या जिभेला नवी माणसं मिळाली, आता आम्ही जरा श्वास घेतो. ताईच्या मते माझं लग्न माझ्या जिभेमुळे मोडलं. माझ्या मते नवऱ्याच्या कानांमुळे.

फोनवर मागून ठकू ओरडत होती. ठकू म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, वय वर्षं चार, स्वभाव वर्षं चाळीस. मावशीआजी म्हणायचा कंटाळा येतो म्हणून मला ती ‘मावजी’ म्हणते, आणि रागावली की ‘खडूस मावजी’. दूध पाहिलं की पळते, धरलं की चावते. आमच्या घरात माझ्यावर गेलेली एवढी एकच.

काम आवडेलसं दिसतंय. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची मी आहारतज्ज्ञ, म्हणजे थोडक्यात दूधघराची मालकीण. ज्या मुलांना गिळता येत नाही त्यांच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. त्या नळीतून जे जे जातं ते सगळं दूधघरात तयार होतं. स्टीलचं लांब टेबल, वजनकाटा, उकळायचं मोठं पातेलं, फ्रीज, आणि कोपऱ्यात एक बुटकं कपाट, ज्यात कायम अंगाइतकी ऊब असते. सगळं इतकं लख्ख, की मला स्वतःचीच लाज वाटली.

विभागाच्या मुख्य सिस्टरना सगळे आक्का म्हणतात. गोलमटोल, हसतमुख. हात कोमट, आणि एकदा आपला हात हातात घेतला की सोडायचं विसरतात. त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं आणि शेवटी उबेच्या कपाटातून एक पांढरी बरणी काढली. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी त्यातला एक चमचा घ्यायचा, अशी पद्धत आहे म्हणे. डॉक्टर असो की लादी पुसणारी मावशी असो. मी म्हटलं, मला आंबट चालत नाही. तर म्हणाल्या, “पोरांच्या पोटात घालतो ते आपल्याला माहीत नको का हो?” मुद्दा बिनतोड होता. नाक दाबून घेतला.

फारसं आंबट नव्हतं. कोमट होतं, बुळबुळीत होतं, आणि चव थोडी ओळखीची होती. तेवढंच आवडलं नाही. आपण जांभई द्यावी आणि ती दुसऱ्याच्या तोंडातली निघावी, तसं काहीतरी. असो. अशी खोली मिळाल्यावर एका चमच्याचं काय घेऊन बसायचं.

४ नोव्हेंबर

कामाची घडी बसली. ती इथे लिहून ठेवते, म्हणजे ताईला फोनवर सांगून तिचं डोकं उठवायला नको.

ही मुलं फार आजारी असतात. जंतू मारायला त्यांना जबर औषधं देतात. पण औषधाला काय कळतंय कोण वाईट आणि कोण आपलं? ते आतड्यातल्या उपकारी जंतूंनाही झाडून काढतं. मग जुलाब, मग अशक्तपणा, मग रिकाम्या घरात नको ते भाडेकरू. म्हणून चांगले जंतू बाहेरून, नळीतून पोटात सोडायचे. यालाच प्रोबायोटिक म्हणतात. मूळ औषधोपचाराच्या जोडीला, नुसता आधार म्हणून. कुठे उपयोग होतो, कुठे काहीच होत नाही. आणि अगदी अशक्त पोराच्या बाबतीत, विशेषतः मानेतल्या मोठ्या शिरेत नळी असेल तर, हेच सज्जन जंतू रक्तात शिरून धुमाकूळ घालू शकतात. म्हणून पुडी रुग्णाच्या उशाशी फोडायची नाही, पुडीचा हात नळीला लावायचा नाही, हे मी आधीच्या नोकरीत घोकलंय.

बाकी ठिकाणी कंपनीच्या पुड्या वापरतात. त्यावर जंतूचं नाव छापलेलं असतं. इथे बरणी. मी आक्कांना विचारलं, यात नक्की कोणता जंतू आहे? त्या म्हणाल्या, “आपलाच आहे.” जसं काही माहेरचा पाहुणा.

मग मोठ्या डॉक्टरांना विचारलं. सगळे त्यांना सर म्हणतात. ते कायम व्याख्यानाला उभे असल्यासारखे बोलतात, समोर एक माणूस असला तरी शेवटच्या रांगेकडे बघून. म्हणाले, निकाल अतिशय आशादायक आहेत, नावाचं पुढे बघू. बारशाआधी पोरगं नोकरीला लावलंय तर, असं मी म्हटलं. सर हसले नाहीत. ओठ मात्र दोनदा एकमेकांवर चिकटवून सोडले. चप, चप.

एक मान्य करायला हवं. पोरं बरी होतात. ज्यांच्या आयांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोललं गेलं होतं, तीसुद्धा.

८ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहावं की नाही कळत नाही. जेवण झालेलं नाही, त्यामुळे लिहिते.

एक मुलगा बरा होऊन घरी निघाला होता. आई पेढे मिळाल्यासारखी हसत होती. तेवढ्यात आक्का झाकलेलं ताट घेऊन दूधघरात आल्या. माझ्या दूधघरात. झाकण काढलं तर त्या मुलाचा लंगोट. भरलेला, ताजा. मला वाटलं, वाट चुकल्या. त्यांनी शांतपणे चमच्याने त्यातलं थोडं घेतलं, कोमट पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं, आणि ते पिवळसर पाणी बरणीत ओतून अलगद ढवळलं. मग चमचा नाकाशी नेला आणि मान डोलावली.

त्या म्हणाल्या, बरणीतून घेतलं ते बरणीला परत जायला नको? प्रत्येक पोर थोडं परत देतं, म्हणून तर ही इतकी वर्षं जिवंत आहे. याला त्या ‘परतावा’ म्हणतात. मी म्हटलं, अहो, निरोगी माणसाची विष्ठा तपासून औषध म्हणून वापरतात, हे मलाही माहीत आहे, पण तिच्या छप्पन्न तपासण्या करतात. तुमची तपासणी कोणती? त्यांनी नाकाला बोट लावून दाखवलं.

आणि पहिल्या दिवशीचा तो चमचा.

मोरीत जाऊन ओकले. सकाळी भाकरीसारखा जाड टोस्ट आणि चहा घेतला होता. बाहेर पडलं ते पांढरं होतं, घट्ट आणि गुळगुळीत. टोस्ट नाही, चहा नाही. घाणही येत नव्हती. घाण आली असती तर बरं वाटलं असतं.

सरांकडे तक्रार केली. त्यांना सगळं माहीत आहे. ते त्याला ‘अभिसरण’ म्हणतात. शिकलेल्या माणसाला घाण उचलायची असली की आधी तिला भारदस्त नाव देतो, मग हात घालतो.

१२ नोव्हेंबर

राजीनामा लिहिला आणि फाडला. पोरं बरी होतायत, मग माझं नाक एवढं कुठलं नाजूक, असं स्वतःला समजावलं. पण आता डोळे उघडे ठेवलेत आणि ते मिटता येत नाहीत.

बरी झालेली मुलं सारखी दिसत नाहीत. सारखी वागतात. दोन मुलं शेजारी झोपलेली असली की एकदम ओठ वाजवतात. चप, चप. दोघांनाही कोमट दूधच हवं असतं. एकाला दूध पचतच नव्हतं, अंगावर गांधी उठायच्या, तसं कागदावर ठळक लिहिलं होतं. तो आता वाटी चाटून ठेवतो. सगळ्यांच्या टाळूला एकच वास. पावसाळ्यात न वाळलेल्या फडक्याचा.

एक आई फेरतपासणीला आली होती. सांगत होती, घरी गेल्यापासून पोरगा रडत नाही, हट्ट नाही, भावाशी मारामारी नाही, जिथे बसवू तिथे बसतो. “आधी नुसता राक्षस होता हो. आता इतका गुणी झालाय.” हे सांगताना तिने जीभ ओठांवरून फिरवली. जिभेवर पांढरा, जाड थर. पोराचे मुके घेतले असणार. कोणती आई घेणार नाही?

दुपारी सगळे एका टेबलाला जेवतात. आज मी नुसतं बघत बसले. घास एकदम उचलतात. मीठ कोणी मागत नाही. कोणी कोणाची उणीदुणी काढत नाही. रुग्णालयात! मी एक झणझणीत विनोद केला, सरांवरच. कोणी हसलं नाही, कोणी चिडलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझी जिभेवरची सगळी मालमत्ता वाया.

खोलीवर येऊन चहा करायला घेतला. पातेल्यात बघते तर नुसतं दूध कोमट केलं होतं. अर्धं पिऊनही झालं होतं.

१५ नोव्हेंबर

ठकू इथे आहे.

आतडं फुटून पोटात पू झाला. ताईच्या गावच्या डॉक्टरांनी दुखण्याला आठवडाभर ‘कृमी’ म्हटलं. शस्त्रक्रिया झाली, तोवर जंतू अंगभर पसरले होते. भाची म्हणाली, मावशी तिथे आहे ना, मग तिथेच नेऊ. माझ्या विश्वासावर आणली.

खिडकीजवळची खाट. तोंडात श्वासाची नळी, नाकात दुधाची, मानेत औषधांची. एवढीशी मान, तिच्यावर चिकटपट्टीचा चौकोन. भाची खुर्चीत बसून तिच्या पायाचा अंगठा धरून आहे, तेवढीच जागा रिकामी आहे.

मी ठरवलंय. बरणीतला एक थेंबही हिच्या पोटात जाणार नाही. कंपनीची पुडीसुद्धा नाही. मानेत नळी आहे, अंगात त्राण नाही, अशा पोराला जिवंत जंतू कोणतेच नकोत. हिचं दूध मी स्वतः उकळणार, मी स्वतः भरणार. सरांशी भांडायची तयारी करून गेले. सगळे मुद्दे पाठ केले होते. तर सर लगेच हो म्हणाले. तुमची नात, तुमचा शब्द.

आक्कांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “तुम्हीच करा हो तिचं सगळं. तुमच्याच हाताने.”

मी भांडायला गेलेली बाई. मला इतक्या सहज कोणी होकार दिला की मी आधी खिसे चाचपते.

१७ नोव्हेंबर

ठकूला जुलाब सुरू झालेत. व्हायचेच होते, औषधं तशीच आहेत. पण भाचीला कोण सांगणार? समोरच्या खाटेवरचं मूल काल उठून बसलं. त्याच्या आईने हिला बरणीचं पुराण ऐकवलं. मग माझी खरडपट्टी. सगळ्यांच्या पोरांना तू तुझ्या हाताने ते देतेस आणि माझ्याच पोरीला नाही? तुला स्वतःचं मूल नाही म्हणून तुला कळत नाही. हे ती मोठ्याने बोलली. बोलू दे. ठकू उठून पुन्हा मला खडूस म्हणणार असेल तर तिच्या आईचं वाटेल ते ऐकून घेईन.

मी तिला परताव्याबद्दल सांगितलं. लंगोटापासून चमच्यापर्यंत सगळं. तिचा चेहरा आक्रसला. मग तिने ठकूकडे पाहिलं आणि म्हणाली, “मरण्यापेक्षा घाण बरी, मावशी.”

मी म्हटलं, मला चार दिवस दे. तिने मान वळवली. बरणीसाठी ती संमतीच्या कागदावर सही करेल तो क्षण मला समोर दिसतोय, म्हणून —

बरणीच राहिली नाही तर प्रश्नच मिटला.

१८ नोव्हेंबर

भर सकाळी केलं, सगळे राउंडला असताना. दूधघराची कडी लावली आणि बरणी मोठ्या पातेल्यात उपडी केली.

ते वाहिलं नाही. लोंबलं. बरणीच्या तोंडाला धरून राहिलं, मग पचकन पडलं, एका तुकड्यात. पांढरट, वर साय, आणि सायीवर सुरकुत्या, नवजात बाळाच्या तळव्यावर असतात तशा. गॅस लावला. पातेल्याची एक बाजू आधी तापली, तर ते त्या बाजूने सरकून दुसऱ्या बाजूला जमा झालं. दूध असं करत नाही. मी आयुष्यभर दूध उकळलंय.

मग वास सुटला. आंबट नाही. झोपेतून उठलेल्या मुलांच्या तोंडाचा, खूप मुलांच्या. मी काळं होईपर्यंत जाळलं, वर ब्लीच ओतलं, मोरीत सोडलं. बरणी फोडली. हात कोपरापर्यंत घासले.

आक्का आल्या तेव्हा मी काचा भरत होते. नाही, चिनीमातीचे तुकडे. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. त्यांनी वाटीभर दूध कोमट केलं. मग मला दिसेल अशा बेताने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली आणि चमच्याने ती खरवडली. मागून पुढे, सावकाश, पातेल्याचा तळ खरवडतात तशी. चमच्यावर आलेला पांढरा लगदा वाटीत कालवला आणि वाटी उबेच्या कपाटात ठेवली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटी दह्यासारखी लागली होती. घट्ट. वर साय, सायीवर सुरकुत्या.

म्हणाल्या, बरणी फुटतेच कधीतरी, म्हणून तर प्रत्येकाला पहिल्या दिवशी चमचा देतो. आमच्यातल्या कोणाचंही चालतं. मी विचारलं, माझंही? त्यांनी माझ्या गालाला हात लावला. तुमचं अजून मुरायचंय हो.

म्हणजे माझ्यात अजून नाही. मी हातमोजे घालते. दोन-दोन. तोंडावर फडकं. मी सगळं नीट करते आहे. मी सगळं —

२० नोव्हेंबर

ठकूला काल पहाटेपासून थंडी वाजून ताप. रक्त कालच तपासायला पाठवलं होतं.

प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत आहे. तिथल्या बाईंनी कधी चमचा घेतलेला नाही, म्हणून त्यांच्याशी बोलायला मी पळत गेले. त्यांनी बशी दाखवली. पांढरे, गुळगुळीत ठिपके. म्हणाल्या, तुमच्या विभागातल्या मुलांच्या पोटातून येतं तेच हे. पण पोटात असणं वेगळं, हे रक्तातलं आहे. कोणाच्या तरी हाताने मानेच्या नळीतून गेलं.

कोणाच्या? तिला मी कोणाला हात लावू दिलेला नाही. दूध मी, अंग पुसणं मी, चादर मी —

परवा तिच्या चिकटपट्टीचा कोपरा उचलला होता. मी अंगठ्याने दाबून बसवला. मोजा काढून. केस विंचरत होते तिचे. मोजा घालून कोणी नातीचे केस विंचरतं का?

तुम्हीच करा हो तिचं सगळं. तुमच्याच हाताने.

२१ नोव्हेंबर

खोलीत वाटीभर दूध कोमट केलं. साबणाने हात धुतले, ब्लीचने धुतले, कातडी सोलली. मग एक बोट बुडवलं. एकच. वाटी खिडकीत, उन्हात.

लागली.

बरणी फोडून काय मिळवलं? बरणी भांडी घासत होती. बरणी नातीचे केस विंचरत होती.

भाचीला सांगितलं. सगळं, अंगठ्यासकट. ती खुर्ची ओढून माझ्या आणि खाटेच्या मध्ये बसली.

प्रयोगशाळेतल्या बाई डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून औषध लिहून आणलं. मुलांना देतात तेच, जबर. त्या दुप्पट नको म्हणाल्या. मी तिप्पट घेतेय. आतलं सगळं मरू दे. चांगलं वाईट, सगळं. मग स्वच्छ हातांनी —

२४ नोव्हेंबर

ताप उतरला. श्वासाची नळी काढली. ठकूने डोळे उघडले.

भाची रडली, हसली, माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, मावशी, चुकले मी, तुझा हातगुण. हातगुण. मला उभं राहवेना. दोन दिवस पोट नुसतं वाहतंय.

मी खाटेशी गेले. वाट बघत होते. शिवी दे. चाव. तिने माझ्याकडे सावकाश पाहिलं. “मावशीआजी,” म्हणाली. पूर्ण. स्वच्छ. एकही अक्षर न खाता.

मग ओठ. चप, चप.

दूध मागितलं. कोमट. भाची धावत आणायला गेली. आमच्या घरात या मुलीच्या मागे दूध घेऊन धावला नाही असा एक माणूस नाही, आणि ती आज हात पुढे करून — दोन्ही हात —

घटाघट प्यायली. ओठांवरची दुधाची मिशी पुसली नाही. बसवलं तिथे बसली.

भाची म्हणाली, बघ ना, किती गुणी —

२६ नोव्हेंबर

पडले म्हणे. जिन्यात. मलाही इथेच आणलंय, ठकूच्या शेजारच्या खाटेवर. मोठ्यांच्या विभागात जागा नव्हती म्हणे.

पोटात काही राहिलेलं नाही. खरवडलेलं भांडं. पाणीसुद्धा थांबत नाही. औषधाने सगळं नेलं. तेही गेलं असेल — जिभेवर आज थर नाही — कोरडी, लाल — माझी जीभ —

ठकू पाहते. तासन् तास. पापणी न लववता.

आक्का ताट घेऊन आल्या होत्या, झाकलेलं. ठकूचा परतावा. भाचीने स्वतः दिला. हसून.

आज ताई येणार. दारातच थांबवा कोणीतरी. मुका घेऊ देऊ नका तिला ठकूचा. सांगितलं भाचीला. ती मान डोलावते. जीभ ओठांवरून —

२७

सर आले. शेवटच्या रांगेकडे बघून म्हणाले, जोडीचा उपचार सुरू करायला हवा. आशादायक —

तोंड मिटून घेतलंय. घट्ट. आक्का जबरदस्ती करत नाहीत. इथे कोणी कोणावर करतच नाही.

चमचा ठकूच्या हातात दिला.

ती माझ्या खाटेवर चढलीय. मांडीवर बसलीय. वजन आहे तिला, ऊब आहे. वास — नको — एका हाताने लिहितेय, दुसऱ्याने तिला लांब — नाही, धरलंय मी तिला, पडेल म्हणून —

चमच्यात तेच. थरथरतंय. तिचा हात स्थिर आहे, तरी ते —

डोळ्यांत शोधतेय. एकदा चाव बाई. एकदा खडूस म्हण. मी आतून ओळखीन —

“मावजी,” म्हणाली. “आ कर.”

मावजी.

तशीच. कंटाळून म्हणायची तशीच, तोच हेल. ठकूच आहे. आत आहे ती, ठकू आहे — की त्याला आता कळलंय, माझं तोंड कशाने —

मी तोंड मिटलंय. मग जिभेवर हे कोमट कुठून — मी तर मिटून